काळं ऑइल

जुन्या डिझेल गाडीचं आयुष्य तिच्या ऑइल बदलण्यावर असतं, हे मी विहिरीवर शिकलो. नारायणगावच्या शिवारात आमची टोमॅटोची शेती. विजेचा भरवसा नव्हता तेव्हा विहिरीवर किर्लोस्करचं पाच एचपीचं इंजिन होतं, हँडल मारून चालू करायचं. हँडलला हात लावण्याआधी आमचे अण्णा ऑइलची पट्टी काढून बघत. पट्टी बाहेर काढायची, फडक्यानं पुसायची, परत घालायची, परत काढायची आणि मग वाचायची. पहिल्यांदा काढलेल्या पट्टीवर विश्वास ठेवू नये, असं ते सांगत. आत उडालेलं ऑइल तिला वरपर्यंत माखलेलं असतं. पिकाला पाणी द्यायची कितीही घाई असो, पट्टी बघितल्याशिवाय इंजिन चालू झालेलं मी पाहिलं नाही. रात्रपाळीच्या पाण्याला ते विजेरी तोंडात धरून पट्टी वाचत.

त्या इंजिनातून निघालेलं काळं ऑइल पत्र्याच्या डब्यात साठायचं. गोठ्याच्या मेढींना वाळवी लागू नये म्हणून ते बुंध्याला फासत, बिजागऱ्यांना लावत. गावात कुणाचं स्लॅबचं काम निघालं की सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला डबाच्या डबा मागून नेत. टाकून द्यायची वस्तू असं त्याकडे कुणी बघतच नव्हतं.

पुढे टोमॅटोला एक बरा हंगाम लागला आणि दारात बोलेरो पिकअप आली. चार सिलिंडर, 2523 सीसी, टर्बो. विहिरीवरच्या इंजिनापुढे हे यंत्र फारच वरचं, पण अण्णांनी पट्टीचा नेम तोच ठेवला. गाडी सपाटीला उभी करायची, बंद केल्यावर ऑइल खाली चेंबरमध्ये उतरेपर्यंत दहा मिनिटं थांबायचं आणि मग पट्टी. वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये पातळी हवी. खालच्या खुणेखाली गेली तर धोका, हे सगळ्यांना कळतं. वरच्या खुणेच्या वर भरलेलंही वाईट, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. फिरता क्रँक त्या जादा ऑइलात बुडतो, ऑइल घुसळून त्याचा फेस होतो, आणि फेसाचा दाब बेअरिंगला सावरू शकत नाही.

काळ्या रंगाबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. नवं ऑइल भरून चार दिवसांत पट्टी काळी दिसली की मालक मेस्त्रींशी भांडायला जातो. डिझेल जळताना काजळी होतेच. तिचा काही भाग पिस्टनच्या रिंगांजवळून खाली उतरतो. ऑइलमध्ये मिसळलेली रसायनं ती काजळी कणाकणानं धरून ठेवतात, म्हणजे ती रिंगांच्या खाचांत आणि ऑइलच्या वाटांत बसत नाही. शिवाय ऑइल बदललं तरी जुन्याचा थोडा अंश आत राहतोच. तेव्हा डिझेल गाडीतलं काळं ऑइल हे आपलं काम करत असलेलं ऑइल असतं. पण धरून ठेवण्यालाही मर्यादा आहे. डिझेलमधल्या गंधकापासून आम्ल तयार होतं, ते मारायचं कामही ऑइलकडेच. आजच्या बीएस-6 डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत 10 भाग इतकंच असतं. आमची गाडी नवी होती तेव्हा याच्या कितीतरी पट होतं. ऑइलमधली ही रसायनं संपली की ऑइल पट्टीवर आधीइतकंच काळं दिसतं आणि आत मात्र झीज सुरू होते. म्हणून ऑइल रंगावरून बदलायचं नसतं, किलोमीटरवरून आणि महिन्यांवरून बदलायचं असतं. धूळ, ओझं आणि घाट असेल तर मुदत आणखी आखूड. आम्ही पाच हजार किलोमीटरला बदलतो आणि त्यात तडजोड करत नाही.

आमचा रस्ता आळेफाटा, ओतूर, माळशेज, मुरबाड, कल्याण. जाताना वीस-वीस किलोच्या क्रेटांनी भरलेली गाडी घाट उतरते, येताना खताच्या गोण्या घेऊन चढते. मे महिन्यात त्या चढाला इंजिन भट्टीसारखं तापतं. माथ्यावर आलं की लोक टपरीपुढे गाडी लावतात आणि ब्रेक मारल्याबरोबर चावी फिरवतात. तिथं माझा जीव खालीवर होतो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेऊ शकतो आणि तो तरंगत असतो ऑइलच्या पातळ थरावर. इंजिन बंद झालं की ऑइलचा पंप थांबतो, आणि तापलेल्या टर्बोत अडकलेलं ऑइल तिथंच करपून त्याचा कोळसा होतो. चहा सांगावा, तोवर गाडी जागेवर चालू ठेवावी, मग बंद करावी. मिनिटभराचं डिझेल जाईल, टर्बो वाचेल.

कुठलं ऑइल घालायचं, यावर गॅरेजात रोज वाद चालतात. आमच्यासारख्या जुन्या डिझेलला 15डब्ल्यू-40 पुरेसं आहे. पहिला आकडा थंडीतल्या वागणुकीचा, दुसरा तापल्यावरच्या दाटपणाचा. 15डब्ल्यू शून्याखाली वीस अंशांतही इंजिन फिरू देतं. जुन्नरची कडाक्यातली थंडीही त्याच्या जवळपास जात नाही. त्यामुळे 0डब्ल्यू लिहिलेल्या महागड्या ऑइलसाठी आपण पैसे का मोजावेत? नव्या मोटारींसाठीचं 0डब्ल्यू-20 तर झिजलेल्या बेअरिंगला घालूच नये, त्याचा थर फार पातळ पडतो. डब्यावर सीएच-4 किंवा सीआय-4 असा दर्जा बघावा. सीआय-4 हा सीएच-4 नंतरचा दर्जा आहे आणि तो जुन्या इंजिनांनाही चालतो.

गाडी म्हातारी झाली की थोडं ऑइल खाते. दोन बदलींच्या मध्ये लिटरभर वरून घालावं लागलं तर मला त्याचं काही वाटत नाही. निळसर धूर वाढला, की मात्र रिंगा आणि लाइनरकडे बघायला हवं. याहून जास्त भीती मला वाटते न घालता वाढलेल्या पातळीची. पट्टीवरचं ऑइल आपोआप वर चढलं आणि त्याला डिझेलचा वास आला, तर कुठून तरी डिझेल आत गळतंय. दुधाळ कॉफीचा रंग आला, तर पाणी शिरलंय, हेड गॅस्केट गेलेली असू शकते. अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नये. तापल्यावर जागेवर उभ्या गाडीत ऑइलचा लाल दिवा मिणमिणायला लागला, की काही महाभाग दिव्याची वायरच काढून टाकतात. मला याचा मनापासून राग येतो. ती गाडी बोलत असते आणि आपण तिचं तोंड बांधतो.

ऑइल बदली मी मेस्त्रींवर सोपवली तरी शेजारी उभा राहतो. इंजिन कोमट हवं, म्हणजे काजळी ऑइलबरोबर वाहून जाते. चेंबरचा नट सुटला की आधी जाड धार येते, मग बारीक, मग थेंब. घाई असलेले गॅरेजवाले धार तुटली की नट बसवतात. खरा गाळ त्या थेंबांत असतो. मेस्त्री शेवटचे थेंब बोटावर घेतात आणि अंगठ्यानं चोळून उन्हात धरतात. पितळी चमक दिसली तर बेअरिंग झिजतंय. खरखर लागली तर धूळ आत शिरते आहे, एअर फिल्टर बघावा लागेल. नटाचा वॉशर नवा घालायचा. नव्या फिल्टरच्या रबराला ताज्या ऑइलचं बोट फिरवायचं आणि फिल्टर हातानंच आवळायचा. मग ऑइल भरायचं, इंजिन चालू करून दिवा विझायची वाट बघायची, बंद करून परत पट्टी.

रिकामा कॅन मी तिथल्या तिथं कोयत्यानं फाडतो. अखंड कॅनला गिऱ्हाईक असतं. त्यात गाळून उजळलेलं जुनं ऑइल भरून नव्या झाकणानिशी ते परत दुकानात येतं. आमच्या ओळखीच्या एकाचा क्रँक अशाच ऑइलनं गेला. त्या हंगामाचा त्याचा नफा इंजिनकामात संपला.

आणि ते काळं ऑइल. लहानपणी आमच्या मेढींना फासलेलं ते ऑइल हातांना किती दिवस चिकटून राहायचं, तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नाही. त्यात झिजलेल्या धातूंचे कण असतात, जळालेल्या इंधनातली कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्यं असतात. ओढ्यात सोडलेलं लिटरभर ऑइल किती तरी पाणी नासवतं, आणि आमच्या भागात ओढ्याच्या काठाला विहिरी आहेत. खरं तर ऑइल स्वतः संपत नाही, त्यातली रसायनं संपतात आणि घाण साठते. नीट शुद्ध केलं तर त्यातून पुन्हा चांगलं ऑइल निघतं. 1 एप्रिल 2024 पासून देशात वापरलेल्या ऑइलच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी ऑइल तयार करणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर टाकलेली आहे. कायदा झाला, पण गॅरेजातलं पिंप कुणाच्या टेम्पोत चढतं, हे अजून आपणच बघायला हवं.

म्हणून पिकअपवाल्यांना एवढंच सांगणं आहे. पुढच्या बदलीला पैसे देण्याआधी मेस्त्रींना विचारा, जुनं ऑइल कुठं जातं. नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला जात असेल तर निर्धास्त परत या. ओढ्याला, उकिरड्याला किंवा कॅन भरणाऱ्याला जात असेल, तर ते डब्यात भरून स्वतःबरोबर घ्या आणि जिथं नीट उचललं जातं त्या गॅरेजात पोचवा.