हलता किनारा

नकाशे वाचण्याचे आम्हांस जुने व्यसन आहे. कादंबरीने एखाद्याची झोप उडवावी, तशी अपरिचित किनाऱ्यांच्या नकाशांनी आमची झोप कित्येकदा उडविली आहे. तथापि शाळेपासून एक समजूत आमच्या मनात घर करून होती. ती अशी की, इतिहास चंचल आणि भूगोल स्थिर. राजे येतात व जातात, जमीन मात्र जागच्या जागी राहते. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरील बोहुसलेन या प्रांताने ही समजूत मोडली. ती कशी, हे वाचकांस सांगावेसे वाटते.

गोथेनबर्गच्या उत्तरेपासून नॉर्वेच्या सीमेपर्यंत पसरलेली ही अरुंद पट्टी. पश्चिमेस स्कागेराक समुद्र व त्यात विखुरलेली हजारो लहानमोठी बेटे. हिमयुगातील बर्फाने घासून गुळगुळीत केलेला तांबूस करडा ग्रॅनाइट जिकडेतिकडे उघडा पडलेला. खडकांच्या मधल्या खोलगटांत माती सापडेल तेवढी शेती. बाकी सारी भिस्त समुद्रावर.

हा मुलूख मुळात नॉर्वेचा. त्याच्या दक्षिण सीमेवर, गोथा नदीला फाटा फुटतो तेथे, नॉर्वेचा राजा पाचवा हाकोन याने १३०८ साली बोहुस नावाचा किल्ला बांधावयास घेतला. या किल्ल्यावरूनच प्रांतास नाव पडले. त्यास एकंदर चौदा वेढे पडले असे सांगतात. परंतु तो शत्रूच्या हाती एकदाही लागला नाही. असे असता १६५८ साली तो गेला कसा? त्या काळी डेन्मार्क व नॉर्वे यांचा राजा एकच होता. त्या वर्षीच्या कडाक्याच्या थंडीत डेन्मार्कमधील सामुद्रधुन्या गोठल्या, आणि स्वीडनचा राजा दहावा कार्ल गुस्ताव याने आपले सैन्य बर्फावरून चालत थेट राजधानीच्या वाटेवर नेले. घाबरलेल्या डॅनिश दरबाराने रोस्किल्ड येथे तह केला व इतर प्रांतांबरोबर बोहुसलेनही देऊन टाकले. किल्ला अजिंक्यच राहिला. कागदावर मात्र तो दुसऱ्याचा झाला. पुढे १६७८ साली ज्यांनी तो उभारला त्यांच्याच बाजूच्या सैन्याने त्यास वेढा घातला, आणि त्यांनाही तो घेता आला नाही!

त्या तहाच्या वेळच्या एखाद्या कोळ्याचा विचार आमच्या मनात वारंवार येतो. घराचा उंबरठा न ओलांडता तो परराज्याचा प्रजाजन झाला. होडी तीच, जाळे तेच, देवळातील पंथही तोच ल्यूथरचा. राजा तेवढा निराळा. त्यास दुःख झाले असेल काय? की दुसऱ्या दिवशी वारा कोणीकडून आहे याचीच चिंता अधिक असेल?

कारण त्याचा खरा राजा निराळाच होता. तो म्हणजे हेरिंग मासा. पिढ्यान् पिढ्या हा मासा दिसत नाही, आणि मग एके वर्षी त्याच्या झुंडी खाड्यांत शिरतात. १७४७ च्या सुमारास तो असा आला की साठ वर्षे त्याने किनारा गाजविला. मासा खारवून पिंपे भरीत, उरलेला उकळून तेल काढीत, व त्या तेलावर दूरदूरच्या शहरांतले दिवे जळत. मारस्ट्रांड हे बेटावरील गाव १७७५ ते १७९४ पर्यंत मुक्त बंदर होते. १८०९ च्या सुमारास मासा कोणास न विचारता निघून गेला, आणि गजबजलेल्या किनाऱ्यावर दारिद्र्य आले. १८७७ मध्ये तो पुन्हा आला, १९०६ मध्ये पुन्हा गेला. मधल्या काळात लोकांनी पायाखालचा ग्रॅनाइटच फोडून परदेशच्या रस्त्यांसाठी विकावयास आरंभ केला होता.

परंतु आमची समजूत पुरती मोडली ती तानुम येथील खडकचित्रांनी. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी कांस्ययुगातील लोकांनी तेथील खडकांवर माणसे, पशू आणि विशेषेकरून नौका कोरल्या. १९९४ साली या स्थळास जागतिक वारशाचा मान मिळाला. आज त्या नौका शेतांच्या कडेला, समुद्रापासून दूर आहेत. त्या कोरणारांस वेड लागले होते काय? नाही. त्या वेळी पाणी आजच्यापेक्षा सुमारे १५ मीटर वर होते व खाडी जवळच होती. हिमयुगातील बर्फाच्या भाराने दबलेली भूमी बर्फ वितळल्यापासून हळूहळू वर येत आहे. समुद्र हटला नाही, जमीनच उठली. हल्ली समुद्रही चढू लागल्यामुळे ही वाढ बरीचशी खर्ची पडते, ही गोष्ट निराळी.

मग टिकले काय? बोहुस किल्ला आज भग्न आहे. हे नाव धारण करणारा जिल्हाही १९९८ साली मोठ्या प्रशासकीय विभागात विलीन झाला. तरी तेथील माणूस आपणांस बोहुसलेनचा म्हणवितो. राजा बदलला, मासा गेला, किनारा सरकला. लोकांच्या तोंडचे नाव तेवढे राहिले. भूगोलाहून ते स्थिर ठरेल, असे आम्हांस कधी वाटले नव्हते.

परवा घरातील एक मूल नकाशा गिरवीत बसले होते. किनाऱ्याची रेघ चुकली म्हणून ते खोडू लागले. आम्ही म्हटले, "राहू दे, बाळ. एखाद्या काळी ती तेथेही असेल."