त्रिरश्मीवरील हिशेब

नाशिकच्या दक्षिणेस त्रिरश्मि पर्वतावर जीं पांडवलेणीं आहेत, तेथें आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन अनेकदां गेलों होतों. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मात्र एकटेच पायऱ्या चढलों. मन स्वस्थ नव्हतें. दरमहा शेकडा पांच व्याजाच्या लोभानें आम्हीं निवृत्तीच्या पुंजीचा मोठा भाग एका गृहस्थाच्या स्वाधीन केला होता. आमच्याच शब्दावर कैलासवासी धाकट्या बंधूंच्या पत्नीनेंही आपली शिल्लक त्यांत घातली. चार महिने व्याज आलें. पांचव्या महिन्यांत त्या गृहस्थाच्या दारास कुलूप दिसलें.

दहाव्या लेण्यांत, क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचा सुमारें १९०० वर्षांपूर्वींचा ब्राह्मी लेख आहे. त्यानें ३००० कार्षापण गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे कायमचे ठेवले. २००० महिना शेकडा एक दरानें व १००० शेकडा पाऊण दरानें. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं; २००० च्या व्याजांतून वीस भिक्षूंस वस्त्रासाठीं प्रत्येकीं बारा कार्षापण द्यावयाचे. आम्हीं उभ्याउभ्याच गणित केलें. महिन्यास २०, वर्षास २४०. वीस भिक्षूंस बारा बारा. एक कवडीही अधिकउणी नाहीं!

याच नहपानाच्या नाण्यांचा पुरलेला ठेवा १९०६ सालीं सिन्नर तालुक्यांतील जोगलटेंभी येथें सांपडला. चांदीचीं तेरा हजारांहून अधिक नाणीं. त्यांतील बहुतेकांवर विजयी गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप मारलेला. राजा बदलला, छाप बदलला, पुरणारा गेला. त्याचें नांवही उरलें नाहीं. देणाऱ्याचें नांव मात्र पाषाणावर आहे.

धन वाईट, असें आम्ही म्हणत नाहीं. व्याज उषवदातानेंही ठरविलें होतें. परंतु तें कोणाच्या मागावर विणलें जाणार, हें त्यास ठाऊक होतें. आमच्या शेकडा पांचापाठीमागें कोणाचा माग चालतो, हें आम्हीं एकदांही विचारलें नाहीं. पंचवटीच्या गांवांत आयुष्य काढून आम्ही सुवर्णमृगाच्या पाठीस लागलों, आणि घरच्या माणसासही आपल्यामागून नेलें.

भावजयीनें आजवर एका शब्दानें दोष दिला नाहीं. तेंच अधिक लागतें. त्या दिवशीं डोंगर उतरून आम्ही घरीं आलों आणि सर्वांसमक्ष आपली चूक सांगितली. तिची रक्कम आम्ही निवृत्तिवेतनांतून दरमहा थोडीथोडी फेडीत आहों. त्या वहीचा हिशेब तरी चुकूं नये, एवढीच आतां इच्छा.