अणूचें माप आणि आमची चूक

गेल्या सहामाही परीक्षेंत आम्हीं अकरावीच्या विद्यार्थ्यांस सोपा म्हणून एक प्रश्न घातला होता : टायटेनियम, झिर्कोनियम व हाफ्नियम या धातूंचे अणु आकाराच्या चढत्या क्रमानें मांडा. तिन्ही धातु आवर्तसारणीच्या एकाच उभ्या स्तंभांतले. खालीं उतरावें तसतशीं इलेक्ट्रॉनांचीं कवचें वाढतात व अणु मोठा होतो, हा नियम आम्हींच फळ्यावर लिहून दिलेला. एका विद्यार्थ्यानें मात्र लिहिलें, ‘टायटेनियम लहान; बाकीचे दोन जवळजवळ सारखे.’ आम्हीं त्यावर तांबडी रेघ ओढली व शून्य गुण दिले.

दुसऱ्या दिवशीं तो ग्रंथालयांतलें पुस्तक घेऊन शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं उभा राहिला. “सर, येथें आंकडे निराळे आहेत,” एवढेंच म्हणाला. आम्हीं पुस्तक ठेवून घेतलें, आणि, सांगावयास लाज वाटते, तीन दिवस तें उघडलें नाहीं.

उघडलें तेव्हां टायटेनियमच्या अणूची त्रिज्या १४७ पिकोमीटर, झिर्कोनियमची १६० आणि हाफ्नियमची १५९ अशी दिसली. (पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लक्ष कोटीवा भाग.) खालचा अणु मोठा तर नाहींच, उलट किंचित् लहान !

कारण असें. संक्रामक धातूंच्या आडव्या ओळींत अणुगर्भाचा धनभार एकेकानें वाढतो. पण नवा इलेक्ट्रॉन सहसा बाहेरच्या ओसरीवर न राहतां आंतल्या माजघरांत जाऊन बसतो. तेथून तो ओसरीवरच्यांस गर्भाच्या ओढीपासून पुरतें झांकूं शकत नाहीं, म्हणून सारें घर आंत ओढलें जातें. स्कँडियमची त्रिज्या १६२, ती निकेलपाशीं १२४ वर येते. पुढें तांबें व जस्त यांत दाटी होऊन अणु पुन्हां थोडा फुगतो. हाफ्नियमच्या वाटेवर तर लँथॅनमनंतर आणखी चौदा मूलद्रव्यें लागतात. त्यांचे इलेक्ट्रॉन माजघराच्याहि आंतल्या कोठडींत शिरतात, आणि त्यांचा पडदा फारच विरळ. चौदा वेळां घर थोडथोडें आकसतें, आणि एका नव्या कवचानें जी वाढ व्हावयाची ती या आकसण्यांतच जिरून जाते. गोल्डश्मिट यांनीं १९२५ सालीं यास लँथॅनाइड आकुंचन हें नांव दिलें.

या सारखेपणानें भल्याभल्यांस फसविलें आहे. क्लाप्रोट यांनीं १७८९ सालीं झिर्कोनियम ओळखला. त्यानंतर सव्वाशेंहून अधिक वर्षें रसायनज्ञ तो हाताळीत होते आणि हाफ्नियम त्याच्याच भांड्यांत लपून बसला होता. आंधळ्या इसहाकानें हात चांचपून याकोबाला एसाव समजावें, तसेंच हें झालें. शेवटीं १९२३ सालीं कोपनहेगन येथें कोस्टर व हेवेशी यांनीं झिर्कोनियमच्या खनिजांची क्ष-किरणांनीं परीक्षा केली, तेव्हां हा बहात्तरावा भाऊ उघडकीस आला. त्या शहराच्या हाफ्निया या लॅटिन नांवावरून त्याचें बारसें झालें. वास्तविक वजन केलें असतें तर भेद लपता ना. झिर्कोनियमची घनता ६.५, हाफ्नियमची १३.३. पण दोघे वेगळे केल्यावांचून वजन तरी कोणाचें करावें ?

पालकांस वाटेल कीं एवढ्याशा फरकाचा उपयोग काय. तारापूर येथें १९६९ सालीं सुरू झालेल्या अणुवीजकेंद्रांत इंधन झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरलें होतें, कारण तो धातु न्यूट्रॉनांस वाट देतो. हाफ्नियम त्यांस शेंकडों पटींनीं अधिक गिळतो. म्हणून अशा कामासाठीं झिर्कोनियमांतून तो जवळजवळ निःशेष काढावा लागतो; आणि अणूंचें माप एकच असल्यामुळें तें काम मोठें जिकिरीचें होतें.

त्या विद्यार्थ्याचे गुण आम्हीं सर्व वर्गासमोर दुरुस्त केले व आमची चूकहि सांगितली. ज्यांनीं आमच्याच शब्दांत चुकीचें उत्तर लिहून पूर्ण गुण मिळविले होते त्यांचें काय करावें, हें मात्र कांहीं केल्या ठरेना. अखेर ते गुण तसेच राहूं दिले. पुस्तक ग्रंथालयांत परत जाण्यास तीन दिवसांचा उशीर झाला होता. त्याचा दंड आम्हीं भरला.