पंखावरचं चक्र

परवा नातवाने मोबाइलवर एका विमानाचं चित्र पाठवलं. पंखावर तीन रंगांचं गोल चक्र. खाली प्रश्न, "आजोबा, हे आपलं ना?"

चष्मा पुसून पाहिलं. मधोमध हिरवा, मग पांढरा, पण बाहेरचं कडं केशरी नाही, लाल. म्हणजे इटलीचं. आपल्या हवाई दलाचं चक्र अगदी असंच, फक्त बाहेरून केशरी. आमच्या रावेरच्या उन्हात दोन वर्षं उभं ठेवलं तर लालाचा केशरी व्हायला कितीसा वेळ लागणार!

दुसऱ्या महायुद्धात मात्र इटलीच्या विमानांवर हे चक्र आधी नव्हतंच. मुसोलिनीच्या राजवटीत पंखांवर गोलात तीन मोळ्या असत. कुऱ्हाड खोचलेली काठ्यांची मोळी ही जुन्या रोमची सत्तेची खूण, तीच त्याच्या पक्षाने उचलली. शेपटीवर राजघराण्याचा पांढरा क्रॉस.

आता विमानावरची खूण काही शोभेसाठी नसते. खालून आपल्याच माणसाने गोळी झाडू नये म्हणून ती. आपल्याकडे १९४२ साली ब्रिटिश आणि हिंदी विमानांच्या चक्रातला लाल ठिपका याच कारणाने काढून टाकला. जपान्यांच्या विमानांवर लाल गोळा असे ना!

इटलीत तर वेगळंच झालं. ८ सप्टेंबर १९४३ ला शस्त्रसंधी जाहीर झाली आणि देशाचे दोन तुकडे पडले. दक्षिणेतल्या वैमानिकांनी मोळ्या पुसून जुनं तिरंगी चक्र रंगवलं नि दोस्तांच्या बाजूने उडू लागले. उत्तरेतले जर्मनांबरोबर राहिले, त्यांच्या पंखांवर चौकोनात मोळ्या. विमानं तीच, माणसं कालपर्यंत एका पंगतीत जेवणारी. भावाने भावावर गोळी झाडू नये म्हणून दक्षिणेतल्यांना बहुतेक कामगिऱ्या समुद्रापलीकडे, बाल्कन भागात देत. युद्धात एवढा विचार कुणी करतं, हे वाचून मला तरी बरं वाटलं.

असो. पण इटलीचं नाव निघालं की मला विमानांपेक्षा खालची जमीन आठवते. तिथे आपली मराठा पलटण लढत होती. माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. सगळे साथीदार मेलेले किंवा जखमी, तरी हा गडी एकटाच मशीनगनवर धावून गेला. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर जखमी सोबत्यांना पाण्यातून, सुरुंगांतून अलीकडे आणलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस.

त्यांच्या डोक्यावरून मदतीला येणाऱ्या विमानांवर ब्रिटिश चक्र होतं, अमेरिकन तारा होता. भारताची खूण कुठेच नव्हती. केशरी-पांढरं-हिरवं चक्र आपल्या विमानांवर आलं ते १९५० साली. जाधव तेव्हा होते. घाडगे नव्हते.