रेशन, फ्रिज आणि दुसरा डोस

शुक्रवार, १२ नोव्हेंबर २०२१
दुकान उघडायच्या आधी पेपर चाळला. औरंगाबादच्या जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आहे: करोना लशीचा एकही डोस न घेतलेल्यांना रेशन, गॅस, पेट्रोल देऊ नका. ठाणे महापालिका लस न घेणाऱ्या कर्मचाऱ्यांचा पगार अडवणार. तिकडे चंद्रपूर महापालिका लस घेणाऱ्यांसाठी सोडत काढतेय; बक्षिसांत फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही. बाजारपेठेत दिवसभर हाच विषय. बहुतेकांचं म्हणणं, दणका दिल्याशिवाय माणूस हलत नाही. हलेल, यात शंका नाही. पण रेशन थांबल्यावर अडतं कुणाचं? लस बंगलेवालाही टाळतो, मजूरही टाळतो. बंगलेवाल्याला आदेशाचा पत्ताही लागणार नाही, मजुराच्या घरी मात्र चूल पेटणार नाही.

रविवार, २८ नोव्हेंबर
करोनाच्या ओमायक्रॉन या नव्या रूपाची बातमी आली आणि पाठोपाठ राज्य सरकारची नवी नियमावली. दुकानदार, नोकर, गिऱ्हाईक, सगळ्यांचे दोन्ही डोस हवेत आणि दुसऱ्यानंतर १४ दिवस उलटलेले हवेत. नाहीतर दुकानाला १०,००० रुपये दंड.

आमच्याकडे जॅमच्या बाटल्या भरायला मावशी येतात, तापोळ्याकडच्या. त्यांचा पहिला डोस आत्ता कुठे झालाय. कॅलेंडर घेऊन बसलो. कोव्हिशिल्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचं अंतर सरकारनेच ठरवलेलं. त्यावर १४ दिवस. म्हणजे आज पहिला डोस घेणारा माणूस नियमात बसणार थेट ६ मार्चला. तोवर नाताळ गेला, नवं वर्ष गेलं, कमाईचे दिवस गेले.

मावशींना सांगितलं, तर म्हणाल्या, "दादा, मी कवा नको म्हनले? मे महिन्यात मोबाईलवर नंबरच लागंना."

खरं आहे. तेव्हा लस कमी, नोंदणी कोविन पोर्टलवर, आणि शहरातली माणसं गाड्या काढून खेड्यांतल्या केंद्रांवर येत होती. ज्यांना तेव्हा लस मिळाली नाही, त्यांनाच आता दंडाची भीती. लेबलं चिकटवायचं काम मावशी घरी नेतील, असं ठरवलं.

शुक्रवार, १० डिसेंबर
डॉक्टर मित्राने उदयपूरचा प्रयोग सांगितला. अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो यांनी 'सेवा मंदिर' या संस्थेबरोबर तिथल्या खेड्यांत केलेला. अहवाल २०१० साली आला. जिथे वेगळं काहीच केलं नाही, तिथे १ ते ३ वर्षांच्या अवघ्या ६ टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण झालं होतं. गावातच नियमित शिबिरं भरवली, तिथे १८ टक्के. शिबिराबरोबर दर खेपेला किलोभर डाळ आणि शेवटी ताटं दिली, तिथे ३९ टक्के.

ही डाळ म्हणजे लाच का? मला तसं वाटत नाही. मूल घेऊन आलेल्या बाईचा दिवसाचा रोज बुडतो. रात्री मुलाला ताप आला तर दुसराही. डाळीने त्यातलं थोडं भरून निघतं. चंद्रपूरच्या फ्रिजचं तसं नाही. तो एकाच्या घरी जाणार, बाकीचे नुसते चिठ्ठीकडे डोळे लावून बसणार. शिवाय आधीच संशय असलेला माणूस म्हणणार, एवढं फुकट देतायत म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार.

रविवार, २७ फेब्रुवारी २०२२
आज पल्स पोलिओ. पोरं डाव्या करंगळीवरची शाई मिरवत होती. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मार्च २०१४ चं. त्या मोहिमेचा भर रेशन बंद करण्यावर नव्हता. बूथवर न आलेल्या मुलांच्या घरी कार्यकर्त्या गेल्या, पुन्हा पुन्हा गेल्या. हेही खरं, की १९९५ पासून त्याला १५ वर्षांवर काळ लागला. साथ एवढं थांबत नाही, म्हणून घाई समजते. पण मावशींच्या गावी लस आधी न्यायला घाई करता आली असती. ती दंड लावतानाच का सुचावी?

मंगळवार, ३ मे २०२२
सर्वोच्च न्यायालयाचा काल निकाल लागला, न्या. नागेश्वर राव आणि न्या. भूषण गवई यांचा. कुणालाही जबरदस्तीने लस देता येणार नाही. लोकहितासाठी सरकार निर्बंध घालू शकतं, पण ते परिस्थितीच्या प्रमाणात हवेत. सध्या रुग्ण कमी आहेत, तेव्हा लस न घेतलेल्यांवरचे निर्बंध मागे घ्यावेत, असं न्यायालयाने सुचवलंय.

निकाल मला पटला. रुग्णाच्या उशाशी काम करणाऱ्याला लशीची अट घालायला माझी हरकत नाही. पण पुढच्या साथीत सरकारने क्रम पाळावा: आधी वाडीवस्तीवर लस न्यावी, मग बुडालेला रोज भरून द्यावा, आणि तरीही गरज उरली तरच दंडाचा विचार करावा. रेशन मात्र त्या यादीत कधीच नसावं.