मंजुघोषा आणि मावशी

परवाच्या वीकेंडला मोखाड्याला मावशीकडे गेलो होतो. कसाऱ्याला लोकलमधून उतरायचं, मग जीपने विहीगाव, खोडाळा करत वळणावळणाने वर. काका गेल्यापासून ती एकटीच असते. आता मुलाकडे नाशिकला जायचं ठरलंय, म्हणून मी आपला पुस्तकांची खोकी भरायला. त्यात तळाशी 'मंजुघोषा' सापडली. कव्हर गायब, कडा कसरीने खाल्लेल्या.

नारो सदाशिव रिसबूड यांची ही कादंबरी १८६८ सालची. प्रेम, विरह, अद्भुत योगायोग, असा सगळा मामला. हॅरी पॉटरवर वाढलेल्या माणसाला हे झेपणं जरा कठीणच. भाषा जड, विशेषणांच्या मिरवणुका निघतात. पण एकदा लय सापडली की मोठ्याने वाचायला काय मस्त वाटतं!

खरी गंमत मात्र प्रस्तावनेत. रिसबूडांचं म्हणणं असं, की आपल्या लग्नाच्या चालीमुळे आणि इतर कारणांनी आपल्या लोकांच्या आयुष्यात मनोरंजक असं काही घडतच नाही. रोजचं लिहावं तर त्यात रस नाही, म्हणून करमणूक करायची तर अद्भुताकडेच वळावं लागतं. च्यायला! त्याच्या अकरा वर्षं आधी, १८५७ साली, बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन' लिहिलं होतं, विधवांच्या हालांवर. ते रोजचंच होतं की. पण खरं सांगू? मला थोडं पटलंच. वर्षभरात माझे नऊ 'बघण्याचे कार्यक्रम' झालेत. पोहे, पॅकेज, ऑनसाइटची शक्यता. यावर कोण कादंबरी लिहिणार?

त्या मजकुराशेजारी पेन्सिलीने एकच शब्द होता, 'खोटं'. अक्षर काकांचं.

पुढे पानांवर बारीक खुणा, शेजारी तारखा. पहिली जुलै १९८५ ची. मावशीला दाखवलं तर ती हसायलाच लागली.

"लग्नाआधी ह्यांना एकदाच पाह्यलं होतं, तेही मान खाली घालून. इथे आले तर पाऊस थांबेना, लाइट नाही. नवऱ्याशी बोलायचं काय? मग हे कंदिलाच्या उजेडात वाचून दाखवायचे. कधी एक पान, कधी दोन. थांबलो तिथे खूण."

शेवटची खूण मार्च १९८६ ची. पुस्तक तर बरंच उरलं होतं.

"होळीनंतर बोहाडा बघायला गेलो. दिवट्यांच्या उजेडात तो राक्षसाचा मुखवटा घातलेला गडी एकदम समोर आला, आणि मी भर गर्दीत ह्यांचा हात धरला. त्यानंतर बोलायला सुचायला लागलं ना. पुस्तक राहूनच गेलं."

"म्हणजे शेवट तुला माहीतच नाही?"

"नाही. आणि सांगू नकोस हं. बस इथे. त्या खुणेपासून वाच."

लाइट गेलेलीच होती. मोबाइलचा टॉर्च लावून तीन पानं वाचली, तेवढ्यात तिला झोप लागली. मी पेन्सिल शोधून तारीख घातली. खोकी तशीच राहिली आहेत, येत्या शनिवारी परत जातोय.