अखेरचा आर्चर

प्रदीर्घ गुप्तहेर-मालिकेचा शेवट दोन प्रकारे होतो. एक तर लेखक ठरवून नायकाला निरोप देतो. नाहीतर लेखणीच थांबते, आणि जे पुस्तक हाती उरते त्यालाच आपण शेवट म्हणू लागतो. रॉस मॅकडोनल्डची 'द ब्लू हॅमर' (१९७६) ही दुसऱ्या जातीची.

१९४९ च्या 'द मूव्हिंग टार्गेट'पासून सुरू झालेल्या लू आर्चर-मालिकेतील ही अठरावी आणि अखेरची कादंबरी. हॅमेट आणि चँडलर यांनी घडवलेला एकांडा, कठोर खाजगी गुप्तहेर मॅकडोनल्डला वारशाने मिळाला; परंतु त्याचा आर्चर उत्तरोत्तर कमी मारतो आणि अधिक ऐकतो. आजचा गुन्हा एका पिढीमागच्या दडपलेल्या गोष्टीतून उगवतो, हे या मालिकेचे मूळ सूत्र. मॅकडोनल्डचे वडील तो लहान असतानाच घर सोडून गेले होते, हे ठाऊक असले की त्याच्या कथांतील बापाच्या शोधात निघालेली मुले अधिक कळू लागतात.

'द ब्लू हॅमर'मध्ये चोरीला गेलेले एक चित्र शोधण्याचे काम आर्चरकडे येते. ते चित्र रिचर्ड चॅन्ट्री या, पंचवीसएक वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या, चित्रकाराचे मानले जाते. पुढचे सांगून आम्ही रसभंग करणार नाही. एवढेच म्हणतो, की कोण कोणाच्या नावाने जगला हा प्रश्न इथे खून कोणी केला या प्रश्नाहून मोठा होतो.

या कादंबरीनंतर मॅकडोनल्डकडून दुसरी कादंबरी झाली नाही. त्याला अल्झायमर जडला आणि १९८३ साली तो गेला. इतरांनी विसरू पाहिलेले सगळे आर्चरकडून खणून काढवणारा लेखक स्वतःच विस्मृतीत बुडाला. हे कळल्यावर पुस्तकात आजाराच्या खुणा शोधण्याचा मोह होतो. कथानकाची गुंतागुंत, नात्यांचे एकावर एक चढलेले पदर, सारेच संशयास्पद दिसू लागते. आम्ही त्या मोहाच्या वाटेला जात नाही, आणि त्याचे कारण वाङ्मयीन नाही. आमच्या घरातील एका वडीलधाऱ्या माणसाची स्मृती आमच्या डोळ्यांदेखत ओसरत गेली. प्रथम नावे गेली, मग नाती. त्यांच्या मागील आयुष्यातील प्रत्येक विसराळूपणाला तेव्हा 'सुरुवात' ठरवणे सोपे होते. पण तसे केले असते तर त्यांचे धड असलेले आयुष्यही आजाराने गिळले असते. पुस्तकाच्या बाबतीतही आम्हाला तसेच वाटते. एखादी कादंबरी म्हणजे रुग्णाच्या उशाशी टांगलेला तक्ता नव्हे.

शिवाय कादंबरीचे नावच वेगळे काही सांगते. प्रौढ वयात आर्चर बेटी जो सिडन या तरुण पत्रकार स्त्रीच्या प्रेमात पडतो. ती झोपलेली असताना तिच्या कानशिलावरची निळी शीर उडताना त्याला दिसते. तोच हा निळा हातोडा. तो कधी थांबू नये, एवढीच त्याची इच्छा. सतरा कादंबऱ्यांत दुसऱ्यांच्या मृतांचा हिशेब लावणारा हा माणूस अखेरीस एका जिवंत माणसाची नाडी पाहत बसतो. झोपलेल्याला काही आठवत नसते. तरी तो असतो. आपला निरोप लिहितो आहोत याची मॅकडोनल्डला कल्पना असो वा नसो, ठरवून लिहिलेल्या कोणत्याही शेवटाहून आम्हाला हे चित्र अधिक पुरते वाटते.